शिक्षकांचे शिक्षण आणि सरकारी धोरण : दोनशे वर्षांचा मागोवा

ज्ञातीच्या प्रगतीचा विषय निघाला म्हणजे आपल्या स्मरणिकेतून शाळा, वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांचा उल्लेख आवर्जून होतो, व तो योग्यच आहे. परंतु ज्या शिक्षकाच्या हाती आपण मुले सोपवितो, त्या शिक्षकास कोणी घडविले, कोणाच्या खर्चाने घडविले, आणि नोकरीत शिरल्यावर त्याच्या ज्ञानाची निगा कोणी राखली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय सरकारी धोरणाचा असल्यामुळे काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि आपल्या घरांशी त्याचा फार निकटचा संबंध आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांत पहिला नियमित पगार आला तो मास्तरकीचा. ज्या घरी कॉलेजचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, त्या घरचा हुशार मुलगा फायनल होऊन ट्रेनिंगला जाई. तेथे त्यास विद्यावेतन मिळे. परत येई तो शिक्षक होऊनच. त्याच्या पगारावर धाकटी भावंडे शिकली, बहिणींची लग्ने झाली, आणि पुढच्या पिढीत डॉक्टर व इंजिनिअर निघाले. ही जी शिडी होती, ती आपोआप उभी राहिली नव्हती. सरकारच्या एका धोरणाने ती उभी केली, आणि धोरण पालटले तशी ती खचलीही. ती कशी, हे पाहू.

आरंभकाल

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी आपल्याकडे गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. धुळाक्षरे, उजळणी, मोडी वाचन आणि हिशेब एवढे त्यांत शिकवीत. पंतोजीने शिकवावे कसे, हे त्यास कोणी शिकवीत नसे; वडील शिकवीत तसे मुलाने शिकवावे, ही रीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी आपल्या शिक्षणविषयक टिपणात देशी शाळांतील शिकविण्याची पद्धत सुधारणे आणि शाळांची संख्या वाढविणे या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. त्यास अनुसरून मुंबईच्या शिक्षण मंडळीने, म्हणजे पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून जी ओळखली गेली तिने, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत शिक्षक तयार करून १८२६ च्या सुमारास ते मुलखात निरनिराळ्या ठिकाणी पाठविले. आपल्या प्रांतातील सरकारी आश्रयाच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा उगम येथे मानावयास हरकत नाही.

‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांना आपण आद्य पत्रकार म्हणून ओळखतो. परंतु आयुष्याच्या अखेरीस अध्यापक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे तेच संचालक होते आणि शाळा तपासण्याचे कामही त्यांच्याकडे होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. १८४६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्याच दशकात सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. अहमदनगरच्या मिस फरार आणि पुण्याच्या मिसेस मिचेल या मिशनरी बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या असे चरित्रकार सांगतात. १८४८ साली जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शिक्षिका आधी घडवावी आणि मग शाळा चालवावी, हा क्रम त्यांनी पाळला होता हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

विद्यावेतनाची योजना

१८५४ साली सर चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला. युनिव्हर्सिट्या आणि शाळांना अनुदान या दोन गोष्टींसाठी तो सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु शिक्षकांच्या तयारीविषयी त्यात जे लिहिले होते ते आमच्या मते तितकेच महत्त्वाचे होते. होतकरू विद्यार्थ्यास अल्पसे विद्यावेतन देऊन शाळेतच शिकाऊ शिक्षक म्हणून ठेवावे. नंतर त्यास नॉर्मल स्कूलमध्ये पाठवावे व तेथेही विद्यावेतन द्यावे. परीक्षा उतरल्यावर प्रशस्तिपत्र द्यावे आणि पुढे समाधानकारक पगाराची नोकरी मिळावी, अशी इंग्लंडातील पद्धत येथे चालू करण्याची सूचना त्यात होती. अर्थात शिक्षक घडविण्याचा भार शिकणाऱ्यावर न टाकता तो सरकारने सोसावा, हे तत्त्व त्या खलित्याने मान्य केले. आपल्या आजोबा-पणजोबांची शिडी ती हीच.

त्यानंतर पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज नावारूपास आले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्यासारखे विद्वान त्याचे प्रिन्सिपॉल होते. शिक्षकांसाठी ‘मराठी शालापत्रक’ नावाचे मासिक शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघू लागले. खेड्यातील एकट्या मास्तरास दरमहा काही नवे वाचावयास मिळावे, ही त्यामागील कल्पना किती दूरदृष्टीची होती! नोकरीत असलेल्या शिक्षकाच्या ज्ञानवर्धनाचा आपल्या भाषेतील हा आरंभीचा प्रयत्न होय. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्या हाती ते आल्यावर त्यातील लेखन परखड झाले. सरकारचा रोष ओढवला आणि १८७५ मध्ये ते पत्र बंद पडले. शिक्षकाने वाढावे, परंतु त्याने बोलू मात्र नये, हा सरकारी स्वभाव इतका जुना आहे.

हंटर आयोगापुढील दोन साक्षी

१८८२ साली हंटर आयोग नेमला गेला. त्यापुढे आपल्या प्रांतातून ज्या साक्षी व निवेदने गेली, त्यांत दोन आमच्या विषयाच्या दृष्टीने अमोल आहेत.

पहिले महात्मा फुले यांचे निवेदन. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी धरण्यास त्यांना संकोच वाटू नये. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. आणि त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी तो १५ किंवा २० असावा, असे त्यांनी मागितले. शिक्षक कोणत्या समाजातून घ्यावा, त्यास काय शिकवावे आणि काय द्यावे, या तिन्ही प्रश्नांचा विचार एकाच निवेदनात करणारा दुसरा कोणी त्या काळी आम्हांस आढळत नाही.

दुसरी साक्ष पंडिता रमाबाई यांची. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका तयार केल्या पाहिजेत, त्यांस स्वभाषेचे शुद्ध ज्ञान असले पाहिजे आणि मुलींच्या शाळा तपासण्यासही स्त्रिया नेमाव्यात, असे त्यांनी सांगितले. आयोगाने नॉर्मल स्कुले स्थानिक शाळांच्या गरजा भागतील अशा रीतीने ठिकठिकाणी असावीत अशी शिफारस केली. पण शेतकऱ्याच्या मुलास अग्रक्रम देण्याचे फुल्यांचे म्हणणे मात्र दप्तरात राहिले.

१९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव प्रसिद्ध केला. ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेला शिक्षक शाळेत गेल्यावर शिकलेली पद्धत टाकून देतो, यास्तव कॉलेज व शाळा यांचा संबंध टिकवावा, असे त्यात बजावले होते. १९०६ मध्ये मुंबईस माध्यमिक शिक्षकांसाठी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९२९ च्या हार्टोग समितीने तर प्रशिक्षणाची मुदत वाढवा, उजळणीवर्ग भरवा, शिक्षकांच्या परिषदा घ्या, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे सेवांतर्गत प्रशिक्षण ही आजची नवलाई नव्हे. तिला शंभर वर्षे होत आली.

बहुजनांची ट्रेनिंग कॉलेजे

फुल्यांची दप्तरात राहिलेली मागणी काही अंशी पुरी केली ती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९३५ मध्ये साताऱ्यास संस्थेचे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. खेड्यातील मुलगा घेऊन त्यास शिक्षक करावे आणि पुन्हा खेड्यातच पाठवावे, हा भाऊरावांचा हिशेब होता. सरकारी मान्यता आणि लोकांची संस्था यांचा असा मेळ बसला तेव्हा केवढे काम होते, याचे ते उत्तम उदाहरण होय. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिच्यासाठी तीन वर्षांचा पूर्ण आणि एक वर्षाचा अल्प असे दोन प्रशिक्षणक्रम सुचविले. शिक्षक घडविण्यास तीन वर्षे लागतात, असे म्हणण्याचे धैर्य त्या समितीने दाखविले. पुढे घाई झाली आणि अल्प क्रमच जास्त चालला, हा भाग निराळा.

स्वातंत्र्योत्तर धोरण

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शिक्षकांसाठी उजळणीवर्ग, कार्यशाळा व परिषदा यांची शिफारस केली. ट्रेनिंग कॉलेजात फी नसावी, विद्यावेतन मिळावे आणि नोकरीत असलेला शिक्षक प्रशिक्षणास गेला तर त्याचा पगार चालू राहावा, असेही म्हटले. १९६१ मध्ये दिल्लीस राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. १९६२ मध्ये आपल्याकडे जिल्हा परिषदा आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६४ मध्ये पुण्यास राज्य शिक्षणशास्त्र संस्था निघाली. तीच १९८४ पासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद म्हणून ओळखली जाऊ लागली.

या सर्वांवर कळस चढविला तो १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. आयोगाने दोन गोष्टी नेमक्या सांगितल्या. पहिली अशी की, प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत निदान दोन ते तीन महिने प्रशिक्षण मिळावे. दुसरी अशी की, सर्व प्रशिक्षणसंस्थांतून फी रद्द करावी आणि विद्यावेतन व कर्ज यांची उदार तरतूद करावी. वुडच्या खलित्यातील तत्त्व स्वतंत्र भारताच्या आयोगाने शंभर वर्षांनी पुन्हा उच्चारले, असेच म्हणावे लागेल.

आम्ही स्वतः मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयात दाखल झालो ते या शिफारशींच्या छायेतच. फी नाममात्र होती. घरून मागावे लागले नाही, एवढ्यावरच आमचे शिक्षण झाले. आमच्याबरोबरच्या बहुतेकांचीही कथा तीच.

१९८६ नंतर

१९८३ मध्ये नेमलेल्या आणि १९८५ मध्ये अहवाल दिलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाचे अध्यक्ष प्रा. चट्टोपाध्याय होते. त्यांचे नाव आपल्याकडील शिक्षकांच्या तोंडी इतके बसले की, बारा वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ वेतनश्रेणीसच ‘चट्टोपाध्याय लागली’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. आयोगाच्या अहवालातील बाकीचे विचार मात्र पगाराइतके कोणी स्मरणात ठेवले नाहीत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नोकरीपूर्वीचे व नोकरीतील प्रशिक्षण ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत असे घोषित केले, आणि १९८७ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘डाएट’ या नावाने परिचित असलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघू लागल्या. १९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम मराठवाड्यातील औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या तेव्हाच्या जिल्ह्यांत सुरू झाला. त्याच दशकात राज्यभर ‘स्मार्ट पी. टी.’ची प्रशिक्षणे झाली, केंद्रशाळा व केंद्रप्रमुख आले. २००१ पासून सर्व शिक्षा अभियान आले.

या प्रशिक्षणांविषयी शिक्षकांत थट्टा पुष्कळ चाले. ती निराधार नव्हती. पुण्यात काही तज्ज्ञ शिकत, ते जिल्ह्यास शिकवीत, जिल्ह्याचे तालुक्यास, तालुक्याचे केंद्रास. शेवटच्या पायरीवर येईपर्यंत मूळ दुधाचे पाणी होई. आम्ही बसलो होतो अशा एका वर्गात साधन-व्यक्तीने सकाळपासून सायंकाळपर्यंत पुस्तिका वाचून दाखविली, आणि प्रश्न विचारणाऱ्यास ‘वरून एवढेच आले आहे’ असे उत्तर दिले. उलट पक्षी, केंद्रशाळेत महिन्यातून एकदा आसपासचे शिक्षक जमत, कोणी एक जण प्रत्यक्ष मुलांपुढे पाठ घेई आणि मग त्यावर मोकळेपणाने चर्चा होई. त्या बैठकांतून आम्ही अपूर्णांक शिकविण्याची जी रीत उचलली ती निवृत्त होईपर्यंत उपयोगी पडली. खर्च दोन्हीकडे सरकारचाच. फरक एवढाच की, एका ठिकाणी शिक्षकास हुकूम मिळाला, दुसऱ्या ठिकाणी सोबती मिळाले.

शिडी उलटी झाली

आता मूळ मुद्द्याकडे वळू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेस १९९५ मध्ये वैधानिक अधिकार प्राप्त झाले. हेतू दर्जा राखण्याचा होता. परंतु २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदानित डी. एड. महाविद्यालयांचे जणू पीक आले. जेथे पूर्वी विद्यार्थ्यास विद्यावेतन मिळे, तेथे आता तोच फी भरू लागला. त्यातच २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. प्राथमिक शिक्षणसेवकास आरंभी दरमहा ३,००० रुपये मानधनावर तीन वर्षे काढावी लागत. हे मानधन १६,००० रुपये होण्यास २०२३ साल उजाडले. २०१२ नंतर काही वर्षे शिक्षकभरती जवळजवळ थांबली. २०१७ च्या अभियोग्यता चाचणीनंतर आणि ‘पवित्र’ संकेतस्थळावरून ती पुन्हा संथपणे सुरू झाली.

महाराष्ट्रातील डी. एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. २०१२ च्या अहवालात या आयोगाने देशातील शिक्षक-प्रशिक्षणसंस्थांपैकी सुमारे ९० टक्के संस्था खाजगी क्षेत्रात असल्याचे नमूद केले आणि सरकारने या कामात स्वतः अधिक पैसा घालावा असे सुचविले. आपल्या ज्ञातीतीलही अनेक पालकांनी या काळात कर्ज काढून, कोणी जमीन गहाण टाकून, मुलामुलींस डी. एड. केले. त्यांतील कित्येकांचे वय भरतीची वाट पाहण्यात गेले. आज ते दुकानात किंवा खाजगी शिकवणीत आहेत. त्यांच्या अंगी योग्यता नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या धोरणाने आजोबांस विद्यावेतन देऊन शिक्षक केले, त्याच सरकारी धोरणाने नातवाकडून फी घेतली आणि त्यास दारात उभे केले.

सांप्रतची स्थिती

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता शिक्षकास अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हा सुमारे ४२ लक्ष शिक्षकांसाठीचा प्रशिक्षण-कार्यक्रम हाती घेतला. पुढल्याच वर्षी साथीच्या आपत्तीमुळे तो ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी निदान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, आणि तेही स्वतःच्या आवडीनुसार, असे सांगितले आहे.

येथे थोडा हिशेब करू. दिवसाचे सहा तास धरले तर ५० तास म्हणजे वर्षास आठ-सव्वाआठ दिवस. कोठारी आयोगाने पाच वर्षांत दोन ते तीन महिने मागितले होते. म्हणजे वर्षास १२ ते १८ दिवस. साठ वर्षांपूर्वी जे किमान मानले गेले, त्याहून आजचे किमान कमी आहे, आणि त्यातला बराच भाग शिक्षकाने घरी एकट्याने मोबाईलसमोर बसून पुरा करावयाचा असतो. २०२२ मध्ये आपल्या राज्यात वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी आवश्यक असलेले प्रशिक्षण संगणकीय पद्धतीने झाले, तेव्हा प्रत्येक शिक्षकाकडून २,००० रुपये शुल्क घेण्यात आले. रक्कम पगारदार माणसास फार नाही, हे खरे. तरी तत्त्व पालटले, हे विसरता येत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा निकाल दिला. पन्नाशीच्या घरातील अनेक शिक्षकांवर पुन्हा परीक्षेस बसण्याचा प्रसंग त्यामुळे आला. परीक्षेस आमचा विरोध नाही. सारा जन्म परीक्षा घेण्यात गेला. परंतु परीक्षा मागणाऱ्याने आधी शिकण्यास वेळ दिला पाहिजे, एवढे म्हणणे वावगे होणार नाही.

आपण काय करावे

सरकारी धोरण पालटणे आपल्या एकट्या मंडळाच्या हाती नाही. तथापि जे हाती आहे ते करण्यास विलंब नको. ज्ञातीतील सेवानिवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी व सेवेतील तरुण शिक्षकांनी वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या व दिवाळीच्या सुटीत, मंडळाच्या कार्यालयात एकत्र बसावे. पाठ घ्यावेत, अडचणी मांडाव्यात. पात्रता परीक्षेस बसणाऱ्या शिक्षकांसाठी गणित व भाषा यांचे वर्ग आम्ही निवृत्तांनी विनामूल्य चालवावेत. विद्यार्थी साहाय्यक निधीतून शिक्षकी पेशा पत्करू इच्छिणाऱ्या दोन मुलींना व दोन मुलांना पूर्ण फी द्यावी. मात्र भरतीची खरी स्थिती पालकांस आधी समजावून सांगावी आणि कोणासही जमीन गहाण टाकू देऊ नये.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी आजोबांचे ट्रेनिंगचे प्रशस्तिपत्र, विद्यावेतनाची पावती किंवा जुनी पाठ-टाचणवही जपून ठेवलेली असेल, त्यांनी तिची प्रत मंडळाकडे द्यावी. आपण कोणत्या शिडीने वर आलो हे पुढच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले, म्हणजे ती शिडी पुन्हा उभी करण्याची मागणी ती अधिक नेटाने करील. प्रतिनिधी मत मागावयास येतील तेव्हा रस्ता, पाणी याबरोबर ‘आमच्या शाळेच्या गुरुजींना शिकण्यास वेळ व पैसा देणार काय?’ हा एक प्रश्न प्रत्येक घराने विचारावा, एवढीच ज्ञातिबंधु-भगिनींच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.